दाजींच्या जोडून आलेल्या सुट्ट्या

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, बारामतीत पाण्याचे पास देणाऱ्या एका सरकारी कचेरीत कारकून होते. नोकरी त्यांनी एकतीस वर्षं केली. तेवढ्या वर्षांत काम किती केलं ते मला सांगता यायचं नाही. सुट्ट्या किती घेतल्या ते मात्र बऱ्यापैकी सांगता येईल, कारण त्यातल्या बहुतेक त्यांनी आमच्या मळ्यात काढल्या.

आमचा मळा शेळगावच्या अलीकडं, कालव्याच्या शेपटाला. शेपटाला म्हणजे पाणी सगळ्यांचं भरून झाल्यावर आमच्याकडं यायचं, आणि आलं तर यायचं. त्यात आम्ही वांगी, गवार, काकडी, टोमॅटो, बांधाच्या कडेनं पेरू असा माळवं-फळांचा धंदा करायचो. मी मॅट्रिकला दोनदा बसून शेवटी पास झालो होतो, पण नोकरीला गेलो नाही. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आबा आणि मी, दोघं मिळून मळा बघायचो. बहिणीला, अक्काला, लग्न होऊन सहा वर्षं झाली होती.

जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात दाजी सरकारी सुट्ट्यांची यादी घेऊन यायचे. कचेरीत टाइप केलेल्या यादीची ती कार्बनची चौथी नाहीतर पाचवी प्रत असायची. अक्षरं जांभळी आणि फुगलेली. पायांवर पाणी घ्यायच्या आधी ते ती सोप्याच्या खांबाला डिंकानं चिकटवायचे. मग खिशातली तांबडी पेन्सिल काढून खुणा करायचे. खूण केली त्या दिवशी दाजी येणार, असा त्याचा अर्थ. ही आमच्या सोयीसाठी केलेली गोष्ट आहे, असं ते मनापासून समजत. "आयत्या वेळी तुमची धावपळ नको," असं म्हणायचे.

पहिल्या वर्षी त्यांनी मला समोर बसवून ती यादी समजावून दिली होती. "मेहुणे, हे बघा. ही सार्वजनिक सुट्टी. ही आपोआप मिळते, मागावी लागत नाही. ही दुसरी ऐच्छिक. यातल्या कुठल्याही दोन घ्यायच्या. आणि ही बँकेची. ती आम्हाला नाही." हे शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा चेहरा उतरायचा. बँकेची मंडळी सहामाहीला दार लावून आत दिवसभर मान मोडून काम करतात, हे मला बारामतीच्या एका ओळखीच्याकडून कळलं होतं. ते मी दाजींना सांगितलं. "पण दार बंद असतं ना!" दाजी म्हणाले. त्यांच्या लेखी तेवढं पुरे होतं.

ऐच्छिक सुट्ट्यांत सगळ्या धर्मांचे सण असायचे. ज्याचा जो सण असेल त्यानं तो पाळावा, असा सरकारचा सरळ हेतू असणार. दाजी मात्र कुठला सण रविवारला चिकटून येतो तेवढं पाहायचे. एका वर्षी त्यांनी पारशांचं नवं वर्ष घेतलं. जन्मात त्यांनी पारशी पाहिलेला नव्हता. त्या दिवशी ते आमच्याकडं येऊन कोंबडी खाऊन झोपले, आणि उठल्यावर आईला म्हणाले, "आज त्यांच्यात मोठा दिवस असतो." आईनं कोण ते विचारलंही नाही. तिचे हात पिठात होते.

आबांना मात्र या सगळ्याचं फार कौतुक. पारावर बसून ते सांगायचे, "आमच्या जावयाला सरकार घरी बसायचा बी पगार देतं." ऐकणारे माना डोलवायचे. मला त्या माना डोलवणाऱ्यांची चीड यायची, आबांचीही यायची. पण जावई तो जावई. तो आला की बाज चिंचेखाली टाकायची, त्यावर नवी वाकळ, उशाला तांब्या. वर्षातले वीसएक दिवस ती बाज मी चिंचेखाली नेली आणि परत आणली. दाजी त्यावर पडायचे, आणि मळ्यातलं जे काही पिकलेलं असेल ते त्यांच्याकडं आपल्या पायांनी चालत यावं तसं जायचं. पेरू ते दाबून बघायचे. एक खायचे, दोन उष्टे करून टाकायचे.

अक्का त्यांच्याबरोबर यायची, ती आल्या पावली चुलीपुढं बसायची. माहेरी येऊन तिनं मळ्यात एक चक्कर मारलेली मी त्या सहा वर्षांत पाहिली नाही.

अठ्ठावन्न सालच्या चैत्रात दाजींना मोठी पर्वणी आली. बुधवारी महावीर जयंती. शुक्रवारी गुड फ्रायडे. पुढं रविवार होताच. मधला गुरुवार आणि शनिवारचा अर्धा दिवस त्यांनी किरकोळ रजेत बुडवला, आणि मंगळवारी संध्याकाळच्या एस.टी.नं अक्काला घेऊन आमच्या दारात उतरले. पाच दिवसांसाठी. पण चेहरा प्रसन्न नव्हता. मी कारण विचारलं.

"हनुमान जयंतीसुद्धा शुक्रवारीच आली," ते म्हणाले. "गुड फ्रायडेच्या अंगावर. दोन सुट्ट्या एका दिवसात गेल्या. एक फुकट गेली म्हणा ना."

घरात कुणी गेल्यासारखं ते बोलत होते. आबांनीही हळहळ दाखवली.

आमची हळहळ वेगळी होती. उन्हाळी हंगाम लागला होता. काकडीचे वेल फुलावर होते, गवारीला शेंगा धरत होत्या, आणि जमीन भेगाळायच्या बेतात आली होती. उन्हाळ्यासाठी कालव्याचं पाणी घ्यायचं तर नवा पास लागायचा. अर्ज आम्ही वेळेवर दिला होता, तोही दाजींच्याच हाती. आबा म्हणाले होते, "घरचा माणूस कचेरीत हाय, आपण कशाला रांगेत उभं ऱ्हायाचं?"

बुधवारी सकाळी पाटकरी आला. पाटकरी म्हणजे कालव्यातून निघालेल्या चारीवर फिरून ज्याच्या त्याच्या पाळीला मोरीची फळी उघडणारा सरकारी माणूस. हडकुळा, सायकलीच्या दांडीला फावडं बांधलेलं. आबांना रामराम घालून म्हणाला, "आबा, उद्या उगवतीला तुमची पाळी. परवा उगवतीला फळी बंद. पास द्या, नोंद करून घेतो."

"जावईबापू हायत की हितंच," आबा हसून म्हणाले आणि चिंचेकडं बोट केलं.

दाजी बाजेवर बसून कलिंगड खात होते. बिया एका बाजूला थुंकत म्हणाले, "पास कचेरीत आहे."

"झालाय का?" मी विचारलं.

"झालाय म्हणजे काय, केव्हाच झालाय. रावसाहेबांची सही आहे, शिक्का आहे. माझ्या कपाटात आहे. सोमवारी देतो."

"दाजी, पाळी उद्या हाय."

"अहो, पण सुट्टी आज आहे ना!"

पाटकरी माझ्याकडं बघायला लागला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "या चारीवरल्या समद्यांचं पास परवा सोमवारी माज्या हातात आलं. तुमचा एकट्याचा न्हवता. म्या म्हटलं, घरचंच मानूस हाय, आणून दिला असंल."

मी दाजींना म्हटलं, "उद्या गुरुवार, कचेरी उघडी असंल. मी सायकलीवर जाऊन आणतो."

"कपाटाला कुलूप आहे. किल्ली माझ्याकडे आहे. आणि मी रजेवर आहे."

"मग किल्ली द्या."

"सरकारी किल्ली बाहेरच्या माणसाच्या हातात देता येत नाही."

"मग तुमी चला माझ्याबरोबर. दुपारच्या आत परत येऊ."

दाजींनी कलिंगडाची फोड खाली ठेवली. पहिल्यांदाच ते नीट बसले. "मेहुणे, माझी रजा मंजूर झालेली आहे. मंजूर रजेत माणूस कामावर दिसला की संपलं. पुढच्या वेळी रावसाहेब म्हणतील, त्या दिवशी आला होतास, आजही ये. सगळ्या कारकुनांचं नुकसान होईल. तुम्ही शेतकरी, तुम्हाला हे कळायचं नाही."

मी आणखी काही बोलणार, तेवढ्यात आबा मधे पडले. "पोरा, जावयाला उलट बोलू न्हाय. पाटकरीदादा, तुमी जरा सांभाळून घ्या."

पाटकरी वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "आबा, पास डोळ्यानं बघू द्या, त्याच वक्ताला फळी वडतो. बिगर पासाची वडली तर माजी नोकरी जाती." आणि गेला. त्याचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. त्या सगळ्या खात्यात मी पाहिलेला नियमानं वागणारा तो एकटाच माणूस, आणि त्याला वर्षाच्या यादीतली एकही सुट्टी नव्हती. पाणी सुट्टीवर जात नाही.

गुरुवारी उगवतीला चारीला पाणी आलं. भरून, गढूळ, वाळलेली पानं वाहून आणत आलं. आमच्या मोरीची फळी बंद होती. पाणी फळीला धडकलं, थोडं वर चढलं, आणि पुढच्या शेतात गेलं. शेजारच्याचा कांदा ते पाणी प्यायला लागला. मी बांधावर उभा होतो. आमची जमीन आणि ते पाणी यांच्यात चार बोटांची लाकडी फळी होती, आणि ती उघडायचा कागद बारामतीला कपाटात होता, आणि कपाटाची किल्ली आमच्याच घरात खुंटीवर टांगलेल्या कोटाच्या खिशात होती. सारं काही मंजूर होतं. कुणाचाच विरोध नव्हता.

दुपारी पुरणाचं जेवण झालं. दाजींनी पोळ्यांवर तूप सोडायला सांगितलं, सोडलेलं कमी वाटलं म्हणून पुन्हा सांगितलं, आणि जेवून बाजेवर जाऊन आडवे झाले. मी न जेवता गोठ्यात बसलो होतो. तिथं अक्का आली. पदराआड मूठ होती. मूठ उघडली तर आत तीन किल्ल्यांचा जुडगा.

"यातली पितळंची कपाटाची," ती म्हणाली. "चार वाजल्याशिवाय ते उठायचे न्हाईत. तू जा."

"अक्का, त्यांना कळंल."

"कळू दे. सकाळी न्हाणीमागून काकडीचे वेल बघितले मी. माना टाकल्यात त्यांनी." मग जरा थांबून म्हणाली, "मी सांगीन मीच दिली म्हणून. तू खोटं बोलायला जाऊ नको, तुला येत न्हाय."

चैत्रातलं ऊन, मातीचा रस्ता, आणि सायकलीच्या मागच्या चाकात हवा कमी. अडीच तासांनी बारामतीत शिरलो. गुरुवार म्हणजे बाजाराचा दिवस. वाटेत माणसं, बैलगाड्या, कोंबड्यांच्या पाट्या; आसपासच्या गावांतून जो तो काही ना काही विकायला किंवा घ्यायला आलेला. त्या गर्दीतून वाट काढत मी कचेरीपाशी आलो, तर तिथं शांतता. कचेरी उघडी होती. उघडी म्हणजे दाराला कुलूप नव्हतं. आत चार टेबलं, चार खुर्च्या, आणि एकही माणूस नाही. ओसरीत स्टुलावर म्हातारा शिपाई भिंतीला टेकून बसला होता. मी कोण ते त्याला माहीत होतं. पूर्वी एकदोनदा अक्काकडं फळांची पाटी पोचवायला त्यानं मला मदत केली होती.

"कुणी न्हाय?" मी विचारलं.

"रावसाहेब फिरतीवर," तो म्हणाला.

"कुठल्या चारीवर?"

"पुण्याला. सासुरवाडीला." त्याचा चेहरा हलला नाही. "हेडक्लार्क रजेवर. तुमचं दाजी रजेवर. तिसरा आजारी हाय. तो दरसाल या आठवड्यात आजारी पडतो. चौथा आला हुता, सही केली, बाजाराला गेला."

मी किल्ल्या दाखवल्या आणि जे होतं ते सांगितलं. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं. मग उठला, हात पुढं केला. "किल्ली माज्याकडं द्या. तुमी हितंच दाराभाईर ऱ्हावा. आत पाय टाकू नका. उद्या कुणी विचारलं तर कपाट शिपायानं उघडलं, असं हुईल."

त्यानं कपाट उघडलं. उंबऱ्याबाहेरून मला आतलं सगळं दिसत होतं. कागदांचे गठ्ठे खालच्या दोन फळ्यांवर. वरच्या फळीवर डोक्याला लावायच्या तेलाची बाटली, पत्त्यांचा जोड, आणि त्या पत्त्यांखाली एकटा पडलेला आमचा पास. सही होती. शिक्का होता. तारीख मागच्या आठवड्यातली होती.

"समद्यांचं पास पाटकऱ्याकडं गेलं सोमवारी," म्हातारा म्हणाला. "तुमचा त्यांनी मुद्दाम काढून ठिवला. मला म्हणालं, हा मेव्हण्याचा हाय, मी सोता नेऊन द्येतो, सासऱ्याला बरं वाटंल. मंगळवारी निघताना कपाट उघडलं, तेल घेतलं, कुलूप लावलं आन गेलं. ही दुसरी बाटली."

म्हणजे आम्ही परके असतो तर आमचं शेत वेळेवर भिजलं असतं. मी तो कागद सदऱ्याच्या आत, छातीशी ठेवला. म्हाताऱ्यानं मला तांब्याभर पाणी दिलं.  ते पिऊन मी सायकलीवर बसलो.

परत आलो तेव्हा दिवस मावळतीला टेकला होता. पाटकरी चारीच्या कडेलाच भेटला. पास त्यानं दोन्हीकडून बघितला, डायरीत आकडा टाकला आणि बोलल्याप्रमाणं त्याच वक्ताला फळी ओढली. दिवसभर आमच्या दारावरून गेलेलं पाणी आत आलं. पण पाळीतला अर्धा वेळ गेला होता. आबांनी आणि मी ठरवलं, वांगी आणि गवार आधी. काकडीला पोचलं तर पोचलं.

दाजी त्या दिवशी संध्याकाळी लवकर जेवून झोपले होते. त्यांना काही कळलं नव्हतं, आणि अक्कानं किल्ल्या परत कोटात टाकल्या. शुक्रवारी सकाळी ते दात घासत बांधापर्यंत आले, आणि सऱ्यांतलं पाणी बघून थबकले.

"पाणी? पास नसताना?"

मी तोंड उघडायच्या आधी मागून अक्का म्हणाली, "पास आणला. तुमच्या कोटातली किल्ली मी दिली."

दाजी आधी घरात पळाले, कोट चाचपला, किल्ल्या जागेवर आहेत हे बघितलं. मग बाहेर येऊन सुरू झाले. सरकारी कपाट फोडलं. चोरी आहे ही. फौजदारी होईल. माझी नोकरी खाल्लीत. सासरी बोलावून जावयाचा खिसा कापलात. आवाज एवढा की शेजारच्या मळ्यातली माणसं बांधावर येऊन उभी राहिली. आबा हात जोडून त्यांच्यापुढं उभे. माझ्या बापाला मी कुणापुढं हात जोडलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं. अक्का एका बाजूला उभी होती. दाजी तिच्याकडं वळून म्हणाले, "या घराची पायरी पुन्हा चढणार नाही. तूही नाही."

"बरं," अक्का म्हणाली.

दुपारच्या एस.टी.नं ते निघाले. जेवण मात्र करून निघाले. आबांनी कलिंगडांचं पोतं टपावर चढवलं, तेही त्यांनी परत केलं नाही. उलट कंडक्टरला ओरडून सांगितलं, नीट आडवं ठेव, फुटतील.

काकडी गेली. गवार निम्मी आली. वांगी वाचली. आबांनी काकडीबद्दल एक शब्द काढला नाही. आठवडाभर ते एकच म्हणत राहिले, जावई रुसून गेला, पोरीला तिथं नीट वागवत असंल का. शेवटी मला म्हणाले, "तू जा. पाय धर. तुजी चूक न्हाय ते मला ठावं हाय. तरी धर."

मी गेलो. अक्काच्या नांदण्यासाठी, असं मनाला सांगत गेलो. वांग्यांची एक पाटी सायकलीला बांधली होती. आज कचेरीत चारही टेबलांवर माणसं होती आणि आतल्या खोलीत रावसाहेबही होते. मी ओसरीत उभा राहिलो. दाजींनी मला बघितलं. मी चपला काढून पुढं झालो, वाकणार एवढ्यात त्यांनी उठून माझा दंड धरला आणि मोठ्यानं म्हणाले, "हेच ते! रावसाहेब, हेच माझे मेहुणे!"

रावसाहेब बाहेर आले. चांगले भरलेले गृहस्थ, सोन्याच्या काड्यांचा चश्मा. माझ्याकडं बघून म्हणाले, "असं का? वा. तुमच्या दाजींनी सांगितलं आम्हाला. स्वतः रजेवर, घरी सण, आणि तरी कुण्या शेतकऱ्याचा पास राहिलाय म्हटल्यावर किल्ली देऊन माणूस पाठवला. यांनीच पाठवलं ना तुम्हाला?"

दंडावरची दाजींची पकड घट्ट झाली. ते माझ्याकडं बघत नव्हते. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते. दाराशी म्हातारा शिपाई उभा होता. त्यानं खाली मान घातली.

मला अक्का दिसत होती. नाही म्हटलं असतं तर संध्याकाळी घरी कुणाला भोगावं लागणार, ते मला ठाऊक होतं. शिपायाचंही त्यात काही बरं झालं नसतं.

"व्हय साहेब," मी म्हणालो.

"शाबास. अशी माणसं खात्यात हवीत," रावसाहेब म्हणाले. आणि हेडक्लार्कला सांगितलं, की यांच्या कामाच्या नोंदीत याचा चांगला शेरा घाला, आणि रजेच्या दिवशी काम झालंय, तेव्हा यांना बदली सुट्टी एक दिवस द्या. चारही टेबलांवरून कौतुकाचे आवाज आले. त्या दिवशी सही करून बाजाराला गेलेला चौथा कारकून सगळ्यात मोठ्यानं बोलत होता.

मी क्षमा मागायला आलो होतो, ती मागायची राहूनच गेली. दाजींनी वांग्यांची पाटी शिपायाच्या डोक्यावर देऊन मला घरी पाठवलं. तिथं अक्का भाजी निवडत बसली होती. मी तिला कचेरीत काय झालं ते सांगितलं, आणि मी काय बोललो तेही. मला वाटलं होतं ती रागावेल. ती निवडत राहिली.

"चार दिवस माझ्याशी बोलत न्हवते," ती म्हणाली. "मग रावसाहेबांनी कौतुक केलं, आन बोलायला लागले. काल रातीला जेवताना मला सांगत होते, 'मी किल्ली पाठवली नसती तर तुझ्या बापाचा मळा वाळला असता.' मला! मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. थट्टा न्हवती. त्यांना आता तसंच आठवतं."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हणाले, आणखी भात वाढू का?"

पुढच्या हंगामापासून अर्ज मी स्वतः दिला. रांगेत उभा राहिलो. दाजींच्या टेबलापुढून रांग जायची. ते मान वर न करता माझा अर्ज घ्यायचे, इतरांचा घेत तसाच, आणि पास पाटकऱ्याच्या गठ्ठ्यातून माझ्या हाती यायचा. वेळेवर यायचा. दाजींनी पायरी न चढण्याचा पण पावसाळ्यापर्यंत पाळला. मग एका सुट्टीला ते आले, आणि आबांनी पळत जाऊन बाज टाकली. मी त्या दिवशी पेरूच्या झाडांना आळी करायला गेलो आणि अंधार पडेपर्यंत तिथंच राहिलो. तेवढंच मला जमलं.

अक्का मात्र बदलली. ती त्यांच्याबरोबर यायची तशी यायचीच, पण त्याशिवाय एकटीही यायला लागली. मंगळवारी, बुधवारी, असल्या साध्या वारी, सकाळच्या एस.टी.नं. पहिल्यांदा आली तेव्हा आई घाबरली, काय झालं म्हणून. काही झालेलं नव्हतं. तिनं चुलीकडं पाहिलंही नाही. आईनं केलेली भाकरी आणि ठेचा घेऊन ती मळ्यात गेली, वांग्यांच्या सरीत बसून जेवली, मग माझ्याबरोबर गवार तोडायला लागली. हात अजून चपळ होता तिचा.

"त्यांना सांगून आलीस?" मी विचारलं.

"सांगायचं कशाला? कचेरी सुटायच्या आत घरी असते मी. ते कामावर असले की मला सवड असती."

"आन त्या दिवशी भीती नव्हती वाटली? किल्ली काढताना?"

"वाटली की," ती शेंगा पदराच्या ओट्यात टाकत म्हणाली. "कोटाच्या खिशात आधी रुमाल लागला, मग सुपारीची पुडी, मग किल्ल्या. तेवढ्यात ते कूस बदलले. मी तिथंच उभी राहिले खांबासारखी. मला वाटलं, उठले तर म्हणायचं, कोट उन्हात टाकते म्हणून." ती हसली. "उठले न्हाईत. त्यांची झोप चांगली आहे."

ओटा भरला तशी तिनं शेंगा पाटीत ओतल्या आणि दुसरी सरी धरली. साडेतीनच्या एस.टी.ला मी तिला बसवून आलो. मोरीवर पाटकरी येऊन थांबला होता; पाळी आमची होती, आणि पास माझ्या खिशात होता.